उसन्या वाळूचा हिशेब: थंडीतल्या खचत्या पुळणीवरून चालताना

(नागपुरात डिसेंबरच्या सुरुवातीला दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

नागपुरात उभं राहून समुद्रावर बोलायचं, तर सुरुवात रेतीपासून करू. कोकणात जिला वाळू म्हणतात तिला आपण रेती म्हणतो. कुणाचं बांधकाम निघालं की घरासमोर टिप्पर रिकामा होतो, तो ढीग डोळ्यांसमोर आणा. रेती कोरडी असेल तर ढिगाचा उतार ३२ ते ३४ अंशांवर थांबतो. वरून आणखी फावडी टाकली तरी ती घसरते आणि पुन्हा तोच उतार धरते. रेती ओली असेल तर फावड्याने कापलेली बाजू भिंतीसारखी उभी राहते. दुपारी उन्हाने वाळली की तिच्या कडा झडू लागतात आणि पायथ्याशी छोटा ढीग साचतो.

खचत्या किनाऱ्यावर हेच पाहायचं असतं. भरतीच्या लाटांनी पुळण, म्हणजे किनाऱ्यावरचा वाळूचा पट्टा, कापली की वाळूची उभी पायरी तयार होते. कुठे ती घोट्याएवढी असते, कुठे कमरेएवढी. पायरीची वरची धार सुरीने कापल्यासारखी असेल, तर ती कालच्या किंवा आजच्या भरतीतली. धार गोल झाली असेल आणि पायथ्याशी कोरड्या वाळूचा उतार जमला असेल, तर लाट तिथे बऱ्याच दिवसांत पोचलेली नाही. त्या उतारावर कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं दिसली तर पायरी आणखी जुनी समजावी. म्हणजे कापलेली पायरी दिसली रे दिसली की ‘समुद्र आत आला’ म्हणायचं नाही. आधी तिचं वय पाहायचं.

आता मुख्य मुद्दा. पश्चिम किनाऱ्यावर खचण्याचा हंगाम पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर उंच लाटा एकामागून एक आदळतात, पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली दांड्यासारखी साठवून ठेवतात. ऑक्टोबरपासून समुद्र निवळतो. मग लांबून येणाऱ्या बुटक्या लाटा तीच वाळू थोडी थोडी करून वर ढकलतात. पावसाळ्यात उसनी नेलेली वाळू थंडीत आणि उन्हाळ्यात परत येते. युरोप-अमेरिकेच्या बऱ्याच किनाऱ्यांवर चक्र उलटं आहे. तिथे थंडीतली वादळं किनारा कापतात आणि उन्हाळा तो भरून काढतो. तिकडची पुस्तकं वाचून कुणी डिसेंबरात गुहागरला गेला आणि ‘थंडी आहे, किनारा खचणारच’ म्हणून स्वस्थ बसला, तर नेमकी महत्त्वाची खूण त्याच्या हातून निसटते. कोकणात थंडी हा परतफेडीचा काळ आहे. फेब्रुवारी संपत आला तरी पायरीचा पायथा उघडाच असेल, वाळू त्याला टेकलेली नसेल, तर उधारी बुडते आहे. पावसाळ्यात सगळेच किनारे खचलेले दिसतात, त्यामुळे खरं नुकसान तेव्हा वेगळं काढता येत नाही. ते काढता येतं थंडीत.

म्हणून एकाच पुळणीवर दोनदा चालावं, डिसेंबरच्या सुरुवातीला आणि फेब्रुवारीच्या अखेरीला. निकाल मात्र एका थंडीवर देऊ नये. एखादा पावसाळा जोराचा असतो, एखादं वादळ अवेळी येतं. तीन-चार थंड्यांचे आकडे हाती आले की काही म्हणता येतं.

चालायचं कधी, हे कोकणातली माणसं तिथीवरून सांगतात. तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, की पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी बाराच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आगेमागे आणि ओहोटी सकाळी सहाच्या आगेमागे. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. डिसेंबरात रत्नागिरीकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. तेव्हा पौर्णिमेनंतरची किंवा अमावास्येनंतरची द्वितीया ते चतुर्थी हे दिवस उत्तम. पूर्ण ओहोटी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते, उजेड असतो, आणि उधाणाचे दिवस जवळ असल्याने पाणी पुष्कळ मागे गेलेलं असतं. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे पाणीही शांत मिळतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, पाणी ना धड वर येतं ना धड मागे जातं. अर्धी पुळण पाण्याखालीच राहते. हा हिशेब ढोबळ आहे आणि पश्चिम किनाऱ्यापुरताच आहे. पुरी किंवा विशाखापट्टणमला तो लावला तर वेळ साफ चुकेल. तिथे भरती-ओहोटीचं छापील कोष्टकच पाहायचं.

भरती सारख्या गतीने चढत नाही, हेही ध्यानात ठेवा. सहा तासांत पाणी जेवढं चढायचं त्याचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. चढ २.४ मीटर असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ६० सेंटिमीटर पाणी वाढतं. ओहोटीला डोंगराच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या छोट्या पुळणीवर गेलेली माणसं अडकतात ती याच दोन तासांत. ओहोटी पूर्ण झाल्यावर तासाभरात टोकाच्या अलीकडे परतायचं, हा नियम मोडू नये.

आता प्रत्यक्ष चालणं. बहुतेक जण पाण्याच्या कडेने चालतात. तिथे पाय छान भिजतात, पण कळत काही नाही. आधी झाडोऱ्याच्या रेषेवरून जा, परत येताना पाण्याजवळून या. झाडोऱ्याच्या रेषेवर मर्यादवेल असते, जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची. तिचे शेंडे समुद्राच्या दिशेने उघड्या वाळूवर पसरत असतील तर जागा निदान या हंगामात स्थिर आहे. तीच वेल पायरीवरून खाली लोंबत असेल आणि मुळं हवेत असतील, तर खालची वाळू गेली. मग सुरूची झाडं पाहा. इथे फसायला होतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात असंख्य झाडं पाडली, आणि ती वाऱ्याने पाडली. वाऱ्याने पडलेलं झाड वाऱ्याच्या दिशेने आडवं होतं, मुळांसकट मातीचं ताट उचललं जातं आणि शेजारची झाडंही त्याच दिशेला पडलेली असतात. पाण्याने पाडलेलं झाड समुद्राकडे कलतं, त्याची मुळं धुऊन स्वच्छ झालेली असतात आणि आधी पडते ती फक्त पहिली ओळ. दोन्हींची मोजदाद एकत्र केली तर धूप दुप्पट फुगवून सांगितली जाते.

खाली पुळणीवर आलात की पाय काय सांगतो ते पाहा. नुकती परत आलेली वाळू सैल असते. पाय रुततो, आणि लाट ओसरताना बारीक भोकांतून हवेचे बुडबुडे निघतात. परतफेड चालू असेल तिथे भरतीच्या हद्दीजवळ वाळूचा सपाट ओटा तयार होत असतो. त्याच्या समुद्राकडच्या कडेवरून उतार एकदम सुरू होतो. हा ओटा डिसेंबरपेक्षा फेब्रुवारीत समुद्राकडे सरकलेला असला पाहिजे. जिथे वाळू गेली आहे तिथे पृष्ठभाग घट्ट असतो आणि पुष्कळदा काळा दिसतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही जड खनिजं आहेत. साध्या फिकट वाळूतल्या क्वार्ट्झची घनता पाण्याच्या २.६५ पट, इल्मेनाइटची ४.७ च्या आसपास, मॅग्नेटाइटची ५ च्या वर. लाट हलके कण उचलून नेते आणि जड मागे ठेवते, सुपात पाखडल्यासारखं. साधं लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काळ्या वाळूवर फिरवा. झटकन चिकटतं ते मॅग्नेटाइट. इल्मेनाइट फार क्षीण ओढलं जातं. पिशवी अशासाठी, की चुंबक नागडं फिरवलं तर कण काढता काढता दिवस जातो.

भरतीच्या हद्दीच्या खाली फावड्याने हातभर लांब आणि वीतभर खोल खाच घ्या आणि एक बाजू सरळ कापा. काळे-पांढरे थर दिसतील. काळा थर म्हणजे जोराच्या लाटांचे दिवस, त्यावरचा जाड फिकट थर म्हणजे त्यानंतर परत आलेली वाळू. सगळ्यात वरच्या काळ्या थरावर किती सेंटिमीटर फिकट वाळू आहे ते पट्टीने मोजा. या हंगामात तिथे उरलेली भर साधारण तेवढी. खाच पुन्हा बुजवा. भरतीच्या हद्दीच्या वर मात्र खणायचं नाही, अगदी वीतभरही नाही. नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालण्याचा काळ आहे. वेळासला लोक ज्यांची पिल्लं पाहायला जातात तीच ही कासवं. हात-दीड हात खोल घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि वरून काहीही दिसत नाही. कमरेएवढी पायरी झालेल्या पुळणीवर मादीला वर चढताच येत नाही. ती माघारी फिरते, किंवा पायरीच्या खाली अंडी घालते आणि पुढच्या उधाणात ती भिजतात. धुपीचा सगळ्यात मुका फटका हा आहे.

खडकांकडेही पाहा. खडपावर कालवं चिकटलेली असतात. त्यांच्या खालच्या हद्दीपासून आजच्या वाळूपर्यंत खडकाचा पट्टा गुळगुळीत आणि कोरा असेल, तर तेवढा खडक अलीकडेपर्यंत वाळूखाली होता. पट्टा ४० सेंटिमीटर असेल तर वाळू निदान तेवढी खाली गेली. वाळूखालून चपट्या लाद्यांसारखा शंख-शिंपल्यांचा दगड उघडा पडलेला दिसला तर ती करल. वाळू आणि शिंपले चुन्याने सांधून तयार झालेला हा दगड कोकणात बांधकामालाही वापरला गेला आहे. मागच्या थंडीत झाकलेली करल या थंडीत उघडी असेल, तर नोंद करायलाच हवी.

नजरेचा अंदाज पुरत नाही, मोजावंच लागतं. मोजायला महागडं काही नको. सागरी भूशास्त्रज्ञ के. ओ. एमरी यांनी १९६१ साली मांडलेली दोन काठ्यांची पद्धत आजही चालते. दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या घ्या. वरच्या टोकापासून खाली सेंटिमीटरच्या खुणा करा. शून्य वर. दोघींमध्ये दोन मीटरची न ताणणारी दोरी बांधा, नायलॉनची नको. काठ्यांच्या तळाला बशीएवढी लाकडी चकती ठोका, नाहीतर ओल्या वाळूत काठी दोन-दोन सेंटिमीटर रुतते आणि सगळं मोजमाप वाया जातं. सुरुवात हलणार नाही अशा जागेवरून करायची: देवळाची पायरी, विहिरीचा कठडा, क्रमांक असलेला विजेचा खांब. एक जण जमिनीकडची काठी धरतो, दुसरा दोरी ताणून समुद्राकडची. उतार समुद्राकडे असेल तर जमिनीकडच्याने समुद्राकडच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवायचं आणि ती रेषा आपल्या काठीला कुठे छेदते ते वाचायचं. टोकापासून १४ सेंटिमीटर खाली आली तर दोन मीटरमध्ये १४ सेंटिमीटर उतार. मध्ये कुठे जमीन चढत असेल तर उलट, आपल्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवून समोरच्या काठीवर वाचायचं. हे वाचन उणे लिहायचं. बहुतेकांची चूक होते ती इथे, म्हणून तिसरा माणूस वही धरायला हवाच. ६० मीटर रुंदीच्या पुळणीला अशी ३० वाचनं होतात. क्षितिज डोळ्याच्या पातळीपेक्षा किंचित खाली असतं, त्यामुळे दर टप्प्याला मिलिमीटर-दोन मिलिमीटरची चूक येते. पण ती दर वेळी त्याच बाजूने येते, म्हणून तुलनेला बाधत नाही. बाधतं ते धुकं. सकाळी क्षितिज पुसट असेल तर तासभर थांबा, अंदाजाने रेषा धरू नका.

एवढी खटपट कशाला, फोटो काढला तर? फोटो जरूर काढा, त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून. पण पाण्याच्या कडेवरून तुलना करू नका. उतार तीसास एक असेल आणि दोन फोटोंच्या वेळी पाण्याच्या पातळीत दीड मीटरचा फरक असेल, तर पाण्याची कड ४५ मीटर सरकलेली दिसते आणि वाळूचा कणही हललेला नसतो. ‘आधी आणि आता’ म्हणून फिरणारी कितीतरी चित्रं यातलीच असतात. खरी धूप असलेल्या गावांचंच त्याने नुकसान होतं, कारण मग त्यांच्याही फोटोंवर कुणी विश्वास ठेवत नाही.

दोन वेळचे उतार एकाच कागदावर काढले की मधलं क्षेत्र म्हणजे गेलेली वाळू. समजा ५० मीटर रुंदीत पातळी सरासरी ४० सेंटिमीटर खाली गेली. किनाऱ्याच्या दर एक मीटर लांबीला २० घनमीटर झाले. आपल्या भाषेत ब्रासमध्ये सांगायचं तर एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. म्हणजे मीटरमागे सात ब्रास, आणि एका किलोमीटरला सात हजार ब्रास. नागपुरात ज्याने घर बांधलं आहे त्याला हा आकडा अंगावर येईल.

मोजणी एकाच ठिकाणी करून चालत नाही. कोकणातल्या बऱ्याच पुळणी दोन डोंगरांच्या कवेत असतात. लाटांची दिशा बदलली की वाळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते. उत्तर टोक ओसाड दिसतं आणि तेव्हाच दक्षिण टोकाला ओटा रुंद होत असतो. दोन्ही टोकं आणि मध्य, अशा तीन रेषा तरी हव्यात.

वाळू आज कोणीकडे चालली आहे, हे पाहायला आपल्याकडचं संत्रं उत्तम. साल न काढलेलं संत्रं पाण्यात जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही, प्रवाहच नेतो. रंग लांबून दिसतो आणि हरवलं तरी किनाऱ्यावर कचरा होत नाही. सोललेलं संत्रं बुडतं, सालीतली हवाच त्याला तारते. लाटा फुटतात त्या पट्ट्यात ते फेका आणि किनाऱ्यावर समोरासमोर काठी रोवा. तीन मिनिटांनी संत्र्यासमोर दुसरी काठी. ४५ मीटर अंतर आलं तर सेकंदाला पाव मीटर. पाच वेळा करा, कारण एखादं संत्रं लाटेबरोबर लगेच वर येऊन पडतं. ते वाचन सोडून द्या. एखादं किनाऱ्यालगत न जाता सरळ आत ओढलं गेलं, तर तिथे पाणी बाहेर खेचणारा प्रवाह आहे. त्या जागी कुणी पाण्यात उतरू नये.

ही किनाऱ्यालगतची वाट कुणी अडवली की एका बाजूला वाळू साचते आणि दुसरी उपाशी राहते. चेन्नईचं बंदर १८७० च्या दशकात बांधायला घेतलं. त्याच्या दक्षिणेला मरीना रुंदावत गेली आणि उत्तरेला रॉयपुरमकडचा किनारा खचत गेला. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची गोष्टही पाहून घ्या. बंधारा मागची जमीन वाचवतो, पण लाट त्यावर आपटून परत फिरते तेव्हा पायथ्याची वाळू उकरते. समोरची पुळण खाली जाते, आणि बंधारा संपतो त्या टोकापलीकडे किनारा चावा घेतल्यासारखा आत जातो. चालताना त्या टोकाशी थांबून चाव्याची खोली पावलांनी मोजा. पुढचा बंधारा तिथेच मागितला जाणार असतो.

आता तुम्ही म्हणाल, यात आपला काय संबंध? नाग नदी कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते, आणि गोदावरी अंतर्वेदीजवळ समुद्राला. कन्हानच्या पात्रातला रेतीचा कण त्या किनाऱ्याच्या वाटेवर आहे. कन्हानला मिळणाऱ्या पेंचवर तोतलाडोहचं धरण आहे, वाटेत गोसीखुर्दचं आहे, खाली धवळेश्वरमचा बंधारा आहे, आणि घाटाघाटावर रेतीचा उपसा आहे. गेल्या अर्धशतकात गोदावरीने समुद्रात नेलेला गाळ निम्म्याहून खाली आला. काकीनाड्याजवळचा उप्पाडाचा किनारा सतत खचतो आहे. त्याला स्थानिक कारणंही आहेत. पण त्रिभुजप्रदेशाला वरून मिळणारा पुरवठा आटला, हेही त्यातलं एक कारण मानलं जातं, आणि ते आपल्या अंगणातून जातं. देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग १९९० ते २०१८ या काळात खचत होता, असं राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राचा अभ्यास सांगतो. प्रत्येक ठिकाणचं कारण वेगळं असतं. म्हणूनच जागेवर जाऊन मोजणारी माणसं लागतात.

पूर्व किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथे चक्रीवादळांचा काळ. डिसेंबरात दिसणारी पायरी ताजी असू शकते. कोकणचं वेळापत्रक तिथे लावू नका.

(प्रश्नोत्तरांतून)

एका ताईंनी विचारलं, सराव इथे करता येईल का? येईल, कन्हानच्या पात्रात. क्षितिज नाही म्हणून गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. दोन काठ्यांना तिची दोन टोकं बांधा आणि पाण्याच्या पातळ्यांतला फरक वाचा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर वाचन चुकतं, म्हणून नळी आधी पूर्ण भरून, टिचक्या मारून हवा काढा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला काठ कापलेला दिसेल, आतल्या बाजूला रेती साचलेली. उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, त्यामुळे कोरड्या पात्रातच राहा.

दुसरा प्रश्न होता, मोजलेलं कुणाला द्यायचं? ज्या गावात मोजलं तिथल्या शाळेत वहीची एक प्रत ठेवा. पहिल्या पानावर सुरुवातीच्या खुणेचा फोटो, तिच्यापासून दिशा, तारीख, तिथी, वेळ आणि दोरीची लांबी लिहा. दोरीची लांबी लिहायची राहते, आणि पुढच्या वर्षी दुसरं कुणी तीन मीटरची दोरी घेऊन जातं.